रांगोळीतला म्हातारा

आमच्या घराण्यात पुरुषांमधली कामाची वाटणी फार पूर्वीच झालेली होती. एकाने चेहरे करायचे आणि दुसऱ्याने कपडे. रांगोळीबद्दल बोलतेय मी. वसईकडच्या आमच्या गावात दिवाळीला देवळाच्या ओसरीवर माणसाएवढाली चित्रं रांगोळीत काढायची पद्धत होती, अजूनही आहे, आणि ती बघायला आजूबाजूच्या गावांतून लोक येतात. उंबऱ्यातले ठिपके बायकांचे, ओसरीवरची माणसं पुरुषांची. माझे बाबा कपडे करणारे. शेल्याची चुणी, जरीचा काठ, मखमलीवरची चमक त्यांच्या चिमटीतून इतकी हुबेहूब उतरायची म्हणे, की पोरं हात लावून बघायला जायची आणि पाठीत धपाटा खायची. पण चेहरे त्यांचे थोरले भाऊ अण्णा करायचे, आणि चेहऱ्यापुढे कपड्यांना कोण विचारतं? आजोबा वारले तेव्हा बाबा नुकतेच शाळेत जायला लागले होते. अण्णांनीच त्यांना वाढवलं, ड्राफ्ट्समनचा कोर्स करायला लावला आणि शेवटी कॅनडाच्या विमानात बसवून दिलं. स्वतः मात्र दुकानांच्या पाट्या रंगवत गावातच राहिले. माझी काकू गेली तेव्हा मागे मूलबाळ काही नव्हतं. बाबांनी खटपट करून अण्णांना मॉन्ट्रियालशेजारच्या लव्हालला, आमच्याकडे आणलं आणि आमच्या बेसमेंटमध्ये त्यांची खोली झाली.

मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेन. विटांच्या दुमजली घरात खालचा मजला आणि बेसमेंट आमचं, वर घरमालकीण मादाम एकटी राहायची. आई सुके बोंबील भाजायची ते फक्त रविवारी सकाळी, मादाम चर्चला गेली की. उणे वीस असो की तीस, सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, कोट घालून चुलीशी उभं राहायचं आणि मादामची प्रार्थना संपायच्या आत घराचा वास घालवायचा. त्या गार स्वयंपाकघरात तांदळाची भाकरी, बोंबलाची चटणी आणि वालाचं बिरडं खाताना अण्णांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ते तिखटाला दोष द्यायचे. मी अभ्यासाला बसायचे तिथे पायाशी, घर तापवणाऱ्या बेसमेंटमधल्या फर्नेसची जाळी होती. तीतून खालचे सगळे आवाज वर यायचे. फर्नेस सुरू होताना घसा खाकरल्यासारखं करायची, पाठोपाठ अण्णा खोकायचे, आणि मग स्टीलचं फुलपात्र सिमेंटच्या फरशीवर टेकल्याचा आवाज यायचा. तो आवाज आला की वर आई हातातलं काम थांबवायची.

अण्णा पीत होते. आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. गावी असतानाही पीत असतील, पण तिथे काकू होती आणि नजर ठेवायला सगळं गाव होतं. इथे बेसमेंट होतं. कपड्यांच्या कारखान्यात त्यांना कटिंग टेबलावर काम मिळालं होतं, त्यांची नजर बघून. वर्षा-दीड वर्षाने हात कापायला लागला तसे त्यांना तिथून उठवून गठ्ठे वाहायला लावलं. बाबा यावर काही बोलत नसत. ज्याने वाढवलं त्याला काय बोलायचं? बोलायची ती आई. पानात भात वाढता वाढता ती थोरल्या दिराला असं फैलावर घ्यायची, की ऐकणाऱ्याला वाटावं हा हिचा उनाड मुलगा आहे. लाज नाही का वाटत, पोरगी मोठी होतेय घरात, वर गेल्यावर काकूला काय तोंड दाखवाल, असं सगळं, आणि मधेच त्याच सुरात, आणखी थोडं कालवण घ्या, भात कोरडा राहिलाय. अण्णा मान खाली घालून जेवायचे आणि आई आत वळली की माझ्याकडे बघून डोळे मिचकवायचे. माझी आई गेल्या वर्षी गेली. ती होती तोवर मी हे प्रकरण लिहायला घेतलं नाही.

बोंबील-भाकरी झाली की रविवारी दुपारी अण्णा मला घेऊन बस आणि मग मेट्रो करत मॉन्ट्रियालच्या म्युझियममध्ये जायचे. बाकीच्या दालनांतून ते तरातरा चालत आणि एकाच चित्रासमोर जाऊन थांबत. जुनं, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, कुठल्या तरी फ्लेमिश चित्रकाराचं. आमच्या दाराएवढं उंच आणि दोन दारांएवढं रुंद. मधोमध एक उघडाबंब म्हातारा. पोट सुटलेलं, डोक्यावरची द्राक्षाच्या पानांची माळ घसरून एका कानावर आलेली, पाय लटपटलेले. बकरीच्या पायांच्या एका काळ्याकभिन्न माणसाने एका बाजूने त्याच्या काखेत खांदा दिलाय, दुसऱ्या बाजूने एका धट्ट्याकट्ट्या बाईने त्याचा दंड धरलाय. कोणी डफ वाजवतंय, एक पोर द्राक्षं पिळून रस तोंडात घेतंय, पायाशी एक वाघ मांजरासारखा घोस चाटतोय. आणि सगळ्यांच्या मागे, झाडाच्या सावलीत, खुद्द दारूचा देव बॅकस, मिसरूडही न फुटलेला पोरगा. पाटी फ्रेंचमध्ये होती. मी शाळेत शिकलेल्या फ्रेंचवर तिचा अर्थ लावून सांगितला, की हा देवाचा उत्सव आहे आणि हा म्हातारा म्हणजे देवाचा गुरू, यानेच त्याला लहानाचा मोठा केला. अण्णांना ते फार आवडलं. म्हणाले, आपला शिमगाच हा, फक्त माणसं जरा जास्त खाल्लेली.

मग ते मला चित्र बघायला शिकवायचे. उजेड कुठून येतो ते आधी शोध. तो सगळा म्हाताऱ्याच्या पोटावर आणि कपाळावर पडलाय. सावलीत काळा भरलाय असं वाटतं ना? काळा कुठेच नाही, तपकिरी आहे आणि त्यात कणभर हिरवा. त्यांची उजव्या हाताची चिमटी बोलताना आपोआप हवेत फिरायची, रांगोळी सोडल्यासारखी. तोंडाजवळ मात्र ते फार वेळ थांबायचे. म्हाताऱ्याचा एक डोळा अर्धा मिटलेला होता आणि दुसरा सरळ आमच्याकडे बघत होता. अण्णा म्हणाले, प्यायलेला माणूस काढायला काय लागतं? नाक लाल केलं की झालं. पण आपण प्यायलोय आणि हे लोक आपल्याला बघतायत, एवढं त्याला कळतंय. ते त्या डोळ्यात आणलंय. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढा झिंगलाय, पण बघ, कोणाला त्याची लाज वाटत नाहीय. सगळे धरून उभे आहेत." गार्डने बंद व्हायची वेळ झाल्याचं सांगेपर्यंत आम्ही तिथे उभे होतो. खालच्या दुकानातून त्यांनी त्या चित्राचं पोस्टकार्ड घेतलं.

ते चित्र अजून तिथेच आहे. आता मी गेले तर शाळेच्या मुलांची रांग असते आणि समजावून सांगणारी मुलगी त्या म्हाताऱ्याचं नाव सांगते की सगळी पोरं खिदळतात. मागच्या खेपेला माझा नातू सोबत होता. "आजी, he's just wasted," तो म्हणाला. मी म्हटलं, हो बाबा, झिंगलाय, तेवढंच आहे ते. सांगत बसायचा धीर नव्हता, आणि गुडघेही दुखत होते.

मराठी मंडळाच्या दिवाळीला दर वर्षी बाबा आणि अण्णा मिळून मोठी रांगोळी काढायचे. एका वर्षी लक्ष्मी, एका वर्षी शिवाजी महाराज. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मंडळाची मीटिंग आमच्या घरी होती. पोहे खाऊन झाल्यावर अण्णांनी खिशातून पोस्टकार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि यंदा हे, म्हणून सांगितलं. मंडळाचे अध्यक्ष गोखले भला माणूस होता. त्यांनी चष्मा वर करून ते नीट बघितलं आणि म्हणाले, अण्णा, दिवाळीला फॅमिली क्राउड असतो हो, ही सगळी नागडी माणसं कशी चालतील? अण्णांनी तोड काढून ठेवलीच होती. बाईला शेला देऊ, म्हाताऱ्याला धोतर नेसवू, आपला धाकटा, मधू, करेल ती सगळी कापडं, चेहरा मात्र मी आहे तोच करणार. आजवर लोकांनी सांगितलेले चेहरे केले, हा एक माझ्या मनाचा करू द्या. मंडळी विचारात पडलेली असताना आतून, पोह्यांची कढई घासता घासता, आईचा आवाज आला: "दारुड्याचं चित्र दारुड्यालाच सुचायचं."

कोणी कुठे बघावं कळेना. गोखल्यांनी चहा संपवला, होकार दिला आणि मंडळी लगेच उठली. दार लागल्यावर अण्णा खाली गेले आणि अर्धी भरलेली रमची बाटली घेऊन वर आले. ती त्यांनी आईच्या हातात दिली. म्हणाले, फेकू नकोस, फेकलीस तर मी नवीन आणेन. तुझ्याकडे ठेव. चित्र होईपर्यंत एक थेंब घेणार नाही, आणि ते झालं की नंतरही बघू, जमेल. आईने ती बाटली तांदळाच्या डब्यात खोल पुरली. त्या दिवसापासून फुलपात्राचा आवाज बंद झाला. अण्णांना घाम यायचा, झोप यायची नाही, जेवण जायचं नाही, पण त्यांनी शब्द पाळला. आई रोज संध्याकाळी त्यांना गरम पेज द्यायची आणि रागावायला दुसरं काही नाही म्हणून त्यांच्या चुरगळलेल्या सदऱ्यावरून रागवायची. मी आईला इतकं आनंदात क्वचितच पाहिलं असेल. बाबा तर शिट्टी वाजवायला लागले होते.

फक्त हाताचं कोणी बोलत नव्हतं. आम्हाला वाटलं होतं की पिणं थांबलं की हात थांबेल. उलट तो जास्त कापायला लागला. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे. विचारलं तर म्हणायचे, थंडी आहे. आणि आम्हीही म्हणायचो, हो, यंदा थंडी लवकर पडली.

मंडळाचा कार्यक्रम एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये असायचा. रांगोळी म्हणजे भुकटी, आणि इथल्या हॉलमध्ये हीटिंगचा वारा भिंतीतल्या झडपांतून येतो, त्यामुळे काढताना हीटिंग बंद ठेवावं लागे. झडपांवर पुठ्ठे चिकटवायचे, दारं लावून घ्यायची, आणि बाबा नि अण्णा कोट-टोपी घालून, फक्त उजवा हात उघडा ठेवून, दोन विटांवर टाकलेल्या फळीवर पालथे पडून काम करायचे. पांढरी पूड बाबा एका दगड कापणाऱ्याकडून संगमरवराची आणायचे, आई ती जुन्या मलमलीतून गाळून द्यायची, तीत रंग मिसळायचे. बोटांत चिमूटभर धरून अशी सोडायची की कण न् कण आपल्या जागी पडला पाहिजे. चुकलं तर पुसता येत नाही. वर दुसरा थर देता येतो, पण चेहऱ्यावर थर चढला की चेहरा मेला, असं अण्णा म्हणायचे. आणि आमच्या घरची रीत अशी, की मुख्य चेहरा सर्वांत शेवटी. आधी बाकी सगळं चित्र पुरं करायचं, चेहऱ्याची जागा पांढरी ठेवायची.

आदल्या दिवशीच त्यांनी सुरुवात केली होती. बाबांनी धोतर असं केलं होतं की त्याच्या घड्यांमधून वारा जाईल. झाडं, डफ, वाघ, झाडाखालचा देव, सगळं त्यांनीच केलं. अण्णांनी बकरीच्या पायांच्या माणसाचा चेहरा घेतला, आणि त्याची दाढी पोस्टकार्डातल्यापेक्षा बरीच दाट झाली. कुठे काय झाकलं गेलं ते आम्हाला तिघांनाही समजलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एवढ्या मोठ्या रंगीत जल्लोषाच्या मधोमध फक्त एक ताटाएवढा पांढरा गोल उरला होता. हॉलच्या कडेला स्वयंपाकघर होतं, मधे भिंतीत वाढायची खिडकी. मी तिथे कागदी प्लेटांत चकल्या आणि शंकरपाळे मांडत होते, आई करंज्या मोजून डब्यात भरत होती. खिडकीतून दोघे भाऊ समोर दिसत होते.

अण्णांनी चिमटी भरली. हात त्या पांढऱ्या गोलावर नेला आणि तसाच धरला. हात कापत होता. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तरी कापत होता. त्यांनी चिमटी परत वाटीत सोडली, हात मांडीखाली दाबून जरा वेळ बसले, पुन्हा भरली, पुन्हा सोडली. असं किती वेळ चाललं कोण जाणे. बाबा शेजारी वाघाचे पट्टे उगीचच ठीक करत होते. शेवटी त्यांनी अगदी हळू विचारलं, अण्णा, मी करू? अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "कर. तुला येतं." आणि फळीवरून ते एका बाजूला सरकले, धाकट्या भावाला जागा करून दिली. बाबांनी वाटी घेतली नाही. तेही तसेच बसून राहिले.

आईने करंज्यांचा डबा बंद केला. गोखले वहिनींना म्हणाली, घरी एक डबा विसरलाय, जरा गाडीतून सोडता का? पाऊण तासाने ती परत आली तेव्हा तिच्या हातात डबा नव्हता, चहाचा थर्मास होता. तिने अण्णांना हाक मारून स्वयंपाकघरात बोलावलं. थर्मासमधून एका काचेच्या ग्लासात ओतलं. तो चहा नाही, हे वासावरून मला लगेच कळलं. तिने ग्लास त्यांच्यासमोर कट्ट्यावर ठेवला. तिचा चेहरा रागावल्यासारखाच होता. "भाऊजी, एवढं घ्या आणि चेहरा तुम्ही करा," ती म्हणाली. "तुमचं ते बाजूला सरकणं मला बघवत नाही." आणि ती मागचं दार उघडून बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली, कोट न घालता.

मी शंकरपाळ्यांपाशीच होते. अण्णांना मी दिसत होते की नाही, सांगता येत नाही. ते ग्लासकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि एका दमात संपवला. थर्मास उलटा करून उरलेलंही ओतून घेतलं. ग्लास नळाखाली धुतला, पालथा घातला. मग उजवा हात समोर धरून ते उभे राहिले, बोटं पसरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. बोटं हळूहळू थांबली. आच बंद केल्यावर उकळतं पाणी निवतं तशी. ते हॉलमध्ये गेले, फळीवर पालथे झाले, बाबांच्या खांद्याला खांदा लावून, आणि त्यांनी चिमटी भरली.

मी आयुष्यात पुष्कळ चित्रं पाहिली, पण माणसाच्या हातून चेहरा असा उमटताना पुन्हा पाहिला नाही. आधी कपाळावरचा उजेड, मग गालाचा विटकरी रंग, नाकाच्या बाजूची ती कणभर हिरवट सावली. अण्णा मधून मधून उजवा हात मागे करायचे आणि त्यांनी न सांगता बाबा हव्या त्या रंगाची वाटी पुढे सरकवायचे, लहानपणी सरकवत असतील तशी. पाच वाजता दारं उघडली तेव्हा तो डोळा नुकता पुरा झाला होता. लोक आत आले आणि रांगोळीभोवती बांधलेल्या दोरीपाशी येऊन थबकले. चर्चचे म्हातारे पाद्री दिवाळी म्हणजे काय ते बघायला डोकावले होते, ते टोपी हातात घेऊन खूप वेळ उभे राहिले आणि जाताना अण्णांचा हात दोन्ही हातांत धरून फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाले. ते मला नीट ऐकू आलं नाही. गोखले सगळ्यांना सांगत होते, हे आमचे अण्णा, हे यांनी केलंय. आई शेवटी, गर्दी पांगल्यावर आली. तिने वाकून तो चेहरा पाहिला. "चांगला झालाय," म्हणाली आणि डबे आवरायला निघून गेली.

त्या दिवशी जे सुरू झालं ते थांबलं नाही. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी नवीन बाटली आणली आणि ती लपवलीही नाही. कारखान्यातलं काम सुटलं. मला सर्वांत जास्त आठवतं ते हे, की आईने त्यांना रागावणं बंद केलं. ती वाढायची, ते जेवायचे, आणि पंगतीत कोणी परका बसल्यासारखी शांतता असायची. कोणत्या तोंडाने बोलू, असं ती बाबांना एकदा म्हणाल्याचं मी जाळीशी बसून ऐकलं. एकदा अण्णांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "तुझी आई हल्ली मला बोलत नाही ग. माझं काही चुकलं का?" मला रडू आलं. मी अभ्यास आहे म्हणून वर पळाले. रात्रंदिवस त्या घरात आता दोन माणसं आतल्या आत संपत होती, एक खाली आणि एक वर. बाबा मधे उभे होते.

बर्फ ऐन भरात असताना अण्णांना हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं. डोळे पिवळे झाले होते, पोटात पाणी झालं होतं. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं, आणि बाबांनी येऊन आईला सांगितलं. त्या दिवसापासून आईने अन्नाला शिवायचं सोडलं. नुसत्या चहावर असायची. मी काही म्हटलं तर माझ्याकडे अशी बघायची की मी कोण तेही तिला आठवत नसावं. मला तेव्हा खरीखुरी भीती वाटली होती, की अण्णांच्या मागोमाग आईही जाणार.

एका दुपारी आम्ही तिघं त्यांच्या खाटेशी होतो. खिडकीबाहेर कोणीतरी फावड्याने बर्फ उपसत होतं. अण्णा बऱ्यापैकी शुद्धीवर होते. आईने पेजेचा डबा आणला होता, तो तिच्या मांडीवर तसाच होता. ती एकदम म्हणाली, "भाऊजी, मी तुम्हाला मारलं." बाबा तिला गप्प करायला पुढे झाले, पण अण्णांनी हाताने त्यांना थांबवलं.

"कसलं मारलंस?" ते म्हणाले. आवाज खोल गेला होता, तरी सुरात जुनं, वडीलपणाचं काहीतरी होतं. "त्या ग्लासाबद्दल म्हणतेस? वेडी आहेस का शालिनी. तो मी प्यालोच नाही. सिंकमध्ये ओतला."

आई बघत राहिली.

"माझा शब्द होता ना, चित्र होईपर्यंत नाही. तू बाहेर गेलीस आणि मी ओतून दिला. चेहरा मी कोरड्या हाताने केला. तू आणून दिलास, एवढ्यानेच माझा हात थांबला. नंतर प्यायलो ते माझ्या हौसेने. त्याचा तुझ्याशी काही संबंध नाही."

आईने त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तिचं तिला ठरवता येत नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मग ती माझ्याकडे वळली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिने मला नीट बघितलं.

"तू होतीस ना ग तिथे? प्लेटा मांडत होतीस."

अण्णांची नजर माझ्यावर होती. विनवणी वगैरे काही नव्हती तीत. चित्रासमोर उभं करून, आता उजेड कुठून येतो ते सांग, असं विचारताना ते जसे वाट बघायचे, तसे वाट बघत होते.

"होते," मी म्हटलं. "ओतला त्यांनी. मी पाहिलं."

आईने डोळे मिटले. तरी तिला पुरेसं झालं नव्हतं. ती हळूच बाबांकडे वळली, काही विचारलं नाही, नुसती बघत राहिली. बाबा त्या दिवशी दुपारभर अण्णांच्या खांद्याला खांदा लावून, तोंडाशी तोंड येईल इतक्या जवळ, एकाच फळीवर पालथे होते. खोटं बोललेलं माझ्या बाबांना कोणी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला.

"मी शेजारीच होतो," ते म्हणाले. "मला वास आला नाही."

आईने मांडीवरचा डबा उघडला. एक चमचा पेज अण्णांना भरवली, ओठ पुसले, आणि मग, पेज गार झाली म्हणून, इतक्या थंडीत टोपी न घालता हिंडलं की असंच व्हायचं म्हणून, ती त्यांना रागवायला लागली.